‘गाडी ट्यून करून द्या’: वाचकांचे प्रश्न

पेट्रोलचं बिल वाढलं की पत्रं वाढतात आणि सगळ्यांत मागणी एकच: इंजिन ट्यून केलं तर ॲव्हरेज किती वाढेल? यावेळी आलेल्यांतली काही घेतो.

माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मिक्स्चरचा स्क्रू किती फिरवायचा? (सातारा)

तुमच्या गाडीत तो स्क्रूच नाही. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्बोरेटरबरोबर तो गेला; आता ते काम कॉम्प्युटर करतो.

उन्हाळ्यात गाडी गरम व्हायची, म्हणून मिस्त्रींनी थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकला. आता गरम होत नाही, पण ॲव्हरेज 17 वरून 14 वर आलं. ट्यूनिंग करून घेऊ का? (बार्शी)

नवा वॉल्व बसवा, हेच तुमचं ट्यूनिंग. ‘आपल्याकडच्या उन्हात वॉल्व लागतोच कशाला’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत.

इंजिन थंड असताना हा वॉल्व बंद असतो. कूलंट आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास वॉल्व उघडू लागतो, मग रेडिएटरचं काम सुरू होतं. वॉल्वच काढला की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरकडे पळतं. थंडीत हायवेला लागलात तर टेम्परेचरचा काटा मध्यावर येतच नाही. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तापमानाचा सेन्सर वाचतो, इंजिन अजून थंड आहे असं समजतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. जुन्या गाडीचा चोक अर्धा ओढून मुंबई गाठावी, तसा प्रकार. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. म्हणजे लिटरमागे तीन किलोमीटरचा तोटा हा यातला लहान तोटा. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी0128 हा, इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा कोड येतो, पण स्कॅनर लावतो कोण!

शिवाय गाडी मुळात गरम का होत होती, हे कुणी पाहिलंच नाही. फॅनचा रिले, वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण, कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतल्यामुळे बसलेला क्षार, की वॉल्वच अडकला होता? अंदाजाने वॉल्व बसवून मोकळे होऊ नका. आधी कूलिंग सिस्टीमचं प्रेशर तपासून घ्या. कूलंट कमी होत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याची शंका आहे. मग गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये) लावायची चिप ॲव्हरेज 20 टक्के वाढवते म्हणे. घेऊ का? (नाशिक)

नको. मी अशा दोन उघडून पाहिल्या. आत दिवे लुकलुकवणारं सर्किट होतं, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं काहीच नव्हतं. ‘फरक दिसायला काही दिवस लागतील’ अशी सूचना मात्र असते, तोवर परत करायची मुदत संपते. पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबकही याच माळेतलं. रीमॅपचं (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचं) विचाराल, तर टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत ॲव्हरेजसाठी तो करू नये. सपाट रस्त्यावर ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या जवळ स्वतःच राखत असतो. वॉरंटी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं ना? (महाड)

नाही. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. वर ब्रेक तापतात ते वेगळं.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज 18 वरून 13 वर आलं. उपाय? (कोल्हापूर)

उसाच्या जिल्ह्यातून इथेनॉलची तक्रार! थोडी खरी आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई20 मध्ये सहा-सात टक्के कमी. या हिशेबाने 18 चे 17 होतील, 13 नाही. टायरमधली हवा बघा, ब्रेक धरतोय का बघा, कुणी जाड ऑइल तर भरलं नाही ना हे विचारा. आणि टाकी फुल ते टाकी फुल असं मोजा, डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका. जुन्या गाडीला ई20 चालतं का, ते मॅन्युअलमध्ये पाहा. तिथे नसेल तर कंपनीला विचारा.

चेक इंजिनचा दिवा दोन महिने पेटलाय, पण गाडी नीट चालते. ॲव्हरेज जरा कमी आहे. (पनवेल)

दोन महिने! ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब असेल तर ईसीयू दोन महिने अंदाजाने पेट्रोल सोडतोय आणि तुम्ही ते भरताय. दिवा स्थिर असेल तर याच आठवड्यात स्कॅनर लावून घ्या. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही; धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. दिवा ‘घालवून देतो’ म्हणणाऱ्याला कोड पुसू देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.