वाचकांचे प्रश्न : कळा आल्या, निघायचं केव्हा?

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, नववा भरत आला. दिवसातून दोन-तीनदा पोट कडक होतं आणि घरात धावपळ उडते. शिरपूरचा दवाखाना पाऊण तासावर. खरी कळ ओळखायची कशी? — एक आई, शिरपूर तालुका

उत्तर : ताई, पोट कडक झालं की आधी घड्याळ बघा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली आणि कळ किती सेकंद टिकली, हे कागदावर मांडा. खोट्या कळांना ताळमेळ नसतो. कधी 8 मिनिटांनी, कधी 25. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44च्या वर जातो. अंगातलं पाणी कमी पडलं की अशा कळा वाढतात. मुलीला लघवी करून येऊ द्या, दोन पेले पाणी किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत द्या, डाव्या कुशीवर तासभर निजवा. पोट शांत झालं तर कळा खोट्या. (37 आठवडे भरले नसतील तर तासभर वाट पाहू नका, थेट दाखवा.) खरी कळ बहुधा कमरेतून निघून पुढे येते, निजून-चालून थांबत नाही, अंतर घटतं, जोर वाढतो.

पहिलटकरणीला 5 मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावं, असा सर्वसाधारण हिशेब. पण तो दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी. तुम्ही 10 मिनिटांच्या अंतरावरच 102 ला फोन करा, कारण गाडी गावात पोचायलाही वेळ लागतो. तोवर मुलीने हिंडावं-फिरावं, केळं, ताक, पातळ खिचडी असं हलकं खावं. जोर मात्र आताच लावू नये. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटीमीटर, उघडण्याआधी लावलेल्या जोराने बाई थकते आणि पिशवीच्या तोंडाला सूज येते.

पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघा. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, ते डॉक्टरांना लगेच सांगा. लाल रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर 108 बोलवा. नुसता गुलाबीसर चिकट स्राव गेला तर घाबरू नका, त्यानंतर कधीकधी दोन-चार दिवसही लागतात.

प्रश्न : कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल द्यावं का? गावातले डॉक्टर घरी येऊन कळांचं इंजेक्शनही देतात. — एक सासूबाई, पारोळा

उत्तर : दोन्ही नको. एरंडेलाने जुलाब-उलट्या होतात आणि ऐन बाळंतपणात बाईच्या अंगातलं पाणी आटतं. इंजेक्शन तर फार घातक. कळांचं औषध दवाखान्यात सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात. दंडात एकदम टोचलं की कळांवर ताबा राहत नाही. बाळाचा प्राणवायू तुटतो, गर्भपिशवी फाटूही शकते. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर 10 युनिट देतात, तेव्हा ते रक्तस्राव रोखतं आणि आईचा जीव वाचवतं. म्हणून सासूबाई, इंजेक्शन कोणतं याइतकंच ते कधी आणि कुठे, हे विचारा.

बाळ आल्यावर पहिला चीक तासाभरात पाजा. मध, गुळाचं पाणी, गुटी काही नको. अंघोळ 24 तासांनंतर. बाळंतिणीचं पाणी तोडू नका, आणि उन्हाळ्यात खाटेखाली शेगडीचा शेक तर नकोच.

प्रश्न : आमचा पाडा धडगाव तालुक्यात. पावसात नाला भरला की गाडी येत नाही. तयारी काय करू? — एक नवरा

उत्तर : दादा, कळांची वाट पाहत पाड्यावर राहू नका. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या चार-पाच दिवस आधी तिथे जाऊन राहता येतं. सोय कोणत्या केंद्रात आहे ते आशाताईंना आजच विचारा. आधीचं सिझेरियन असेल, हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर माहेरघर पुरणार नाही. ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाचंच आधी ठरवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरी परतायची गाडी मोफत आहे. पिशवीत माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाचा आणि सिकलसेलचा कागद, आधार, बँकेचं पासबुक, उन्हात वाळवलेली सुती लुगडी-दुपटी ठेवा. रक्त देऊ शकतील असे दोघे ठरवून त्यांचे फोन नंबर कार्डाच्या मागे लिहा.