वस्तीतल्या गरजू कुटुंबांना साबण, पॅड, टूथपेस्ट नियमित मिळावं म्हणून काय करता येईल? फुकट द्यावं की नाममात्र पैसे घ्यावेत?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण त्या ‘नाममात्र’वरून आमच्या गटात दोन तट पडले होते. फुकट द्या. पैसे घेऊ नका, फॉर्म भरून घेऊ नका आणि फोटो तर मुळीच काढू नका.

आमच्या गटाचे खजिनदार वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे. माणूस मनाने वाईट नाही, पण ‘फुकटात मिळालं की किंमत राहत नाही’ हे पालुपद कायम तोंडी. पैसे घ्यायला बाकीच्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी टोकन आणि रजिस्टर आणलं. नाव पुकारायचं, सही घ्यायची, संच हातात द्यायचा आणि देणगीदारांसाठी फोटो काढायचा. संच पारदर्शक पिशवीत, कारण आत काय आहे ते फोटोत दिसायला हवं.

रांगेत एक शाळकरी मुलगी होती. तिच्या मागे तिच्याच वर्गातली मुलं उभी. नाव आल्यावर ती पुढे आली, पिशवी घेतली, आतलं पॅडचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “हे नको, घरी आहे.” फोटोत ती साबण आणि कंगवा घेऊन उभी आहे. गर्दी पांगल्यावर तिची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, ते मघाचं पाकीट उरलंय का?” मी दिलं. रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे काकांनी ‘पॅड नाकारले’ असा शेरा आधीच मारला होता, आणि पुढच्या बैठकीत तोच शेरा पुरावा म्हणून वाचून दाखवला. बघा, म्हणे, गरजच नाहीये!

काकांच्या पालुपदाला उत्तर आहे. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या कुठे फुकट, कुठे थोड्या किमतीत देऊन पाहिल्या होत्या. जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली तो अभ्यास छापला. पैसे मोजणाऱ्यांनी मच्छरदाणी जास्त वापरली असं काही दिसलं नाही. किंमत लावल्यावर घेणाऱ्या मात्र झपाट्याने कमी झाल्या. मच्छरदाणी आणि साबण एक नव्हे, मान्य. पण मुद्दा वेगळा कसा, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

स्कॉटलंडने तर कायदाच केला. ऑगस्ट २०२२ पासून तिथे ज्याला लागतील त्याला पाळीची साधनं मोफत मिळतात, आणि ती सहज मिळावीत, घेताना मान राखला जावा, प्रकार निवडता यावा, हे कायद्यातच लिहिलं आहे. आमच्या रजिस्टरात यातलं काय होतं?

आता काय द्यायचं ते. आमच्या संचात सुगंधी साबणाची एक छोटी वडी, शांपूच्या पुड्या, कंगवा आणि सॅनिटायझरची बाटली होती. फोटोत छान दिसतं. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था जी स्फिअर मानकं पाळतात, त्यांत महिन्याला माणशी २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण धरलेला आहे. पाच जणांच्या घराला सव्वादोन किलो झाला! एका वडीने तिथे काय होणार? कपड्यांचा साबण तर सगळेच विसरतात. ‘जंतुनाशक’ लिहिलेल्या महागड्या साबणाच्या मागेही लागू नका. कराचीतल्या वस्त्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, २००५) साबण आणि हात धुण्याचं प्रोत्साहन मिळालेल्या घरांत लहान मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाबही तितकेच घटले, आणि साधा साबण जंतुनाशकापेक्षा कुठे कमी पडला नाही. तेव्हा साधाच घ्या, भरपूर घ्या.

देण्याची पद्धत म्हणाल तर शाळेच्या किंवा दवाखान्याच्या स्वच्छतागृहाजवळ, आडोशाला, एक उघडं कपाट ठेवा. ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावं. सुरुवातीला कोणीतरी दहा पाकिटं उचलून नेईल. नेऊ द्या, कपाट रिकामं राहत नाही हे कळलं की साठा करायची गरज उरत नाही. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर महिन्याला थोडं भरा. तान्ह्या मुलांचे डायपर आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे डायपरही ठेवा, ते मागायला लोक पॅडपेक्षा जास्त लाजतात.

हे आधीच सांगायला हवं होतं: वस्तीत पाणीच नसेल तर आधी पाण्याचं बघा. धुऊन वापरायचे कापडी पॅड किंवा पाळीचे कप देणार असाल तर ते धुवायला, उकळायला आणि पॅड उन्हात वाळवायला जागा आहे का, हे बायकांनाच विचारा. आणि वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवा, नाहीतर महिन्याभरात संडासाचे पाइप तुंबतील.

हिशोब द्यावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. कपाटात किती ठेवलं आणि किती उरलं एवढं लिहा, कोणी नेलं ते लिहू नका. आमच्या एका देणगीदाराने पुढे फोटो मागितलाच, तेव्हा मी भरलेल्या कपाटाचा पाठवला. त्यांना चालला. काकांना चालला नाही.