तंजावरचे उंच ते विमान

प्रश्न असा : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उंच मनोऱ्याला मराठी प्रवासलेखांत कुणी 'गोपुर' म्हणतात, कुणी 'शिखर', आणि तिथला वाटाड्या 'विमान' म्हणतो. बरोबर काय? शिवाय 'गोपुर' लिहावे की 'गोपुरम'?

तंजावरपुरते उत्तर 'विमान'. गाभाऱ्यावर उभे असते ते विमान, आवाराच्या भिंतीतल्या दरवाजावर चढवलेले ते गोपुर. गोपुराखालून आपण चालत जातो, विमानाखाली देव असतो. बृहदीश्वराला जाताना केरळांतकन आणि राजराजन ही दोन गोपुरे ओलांडावी लागतात. ती तुलनेने बुटकी आणि रुंद आहेत. नंदीमंडपामागे 13 तळांचे (मजल्यांचे) चढत गेलेले दिसते ते राजराज चोळाचे, 1010 साली पूर्ण झालेले विमान. 'गोपुराची सावली पडत नाही' ही सांगोवांगीची गोष्टसुद्धा खरे तर याच विमानाबद्दल सांगतात. सावली अर्थातच पडते.

घोटाळा होतो तो 'शिखर' या शब्दामुळे. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर म्हटले की गाभाऱ्यावरचा अख्खा उंचवटा आपल्या डोळ्यांपुढे येतो. द्राविड, म्हणजे दक्षिणेकडच्या मंदिरशैलीच्या, परिभाषेत मात्र शिखर म्हणजे विमानाच्या माथ्यावरचा घुमट तेवढाच. त्याच्याखाली ग्रीवा, म्हणजे मान, वर स्तूपी, म्हणजे आपला कळस. 'शिखर अष्टकोनी आहे' हे वाक्य तंजावरला त्या घुमटाबद्दल असते, खालचे तळ चौकोनीच आहेत. भाषांतरात इथे हमखास चूक होते.

लांबून ओळखायचे तर माथा पाहावा. विमानावर बहुधा एकच कळस असतो. गोपुराचा माथा उपड्या होडीसारखा लांबट आणि त्यावर कळसांची ओळ, संख्येने विषम. पण एवढ्याच खुणेवर विसंबू नये : चिदंबरमला गाभाऱ्याच्या सोनेरी छपरावरही 9 कळस ओळीने आहेत.

गोपुरे उंच झाली ती पुढे, मुख्यतः पांड्य, विजयनगर आणि नायक काळात. मूळ गाभाऱ्याला हात लावायचा नाही म्हणून भर बाहेरच्या प्राकारांत, म्हणजे भिंतींनी वेढलेल्या आवारांत, पडत गेली. श्रीरंगमला 7 प्राकार आणि 21 गोपुरे आहेत. सर्वांत बाहेरचे राजगोपुर 1987 मध्ये पुरे झाले, आणि रंगनाथाचे सोन्याचे विमान मात्र रस्त्यावरून दिसतही नाही. म्हणून तिथल्या गोपुराच्या फोटोखाली 'मंदिराचे शिखर' लिहिणे सपशेल चूक. कामाच्या दृष्टीने गोपुराला जवळचा मराठी शब्द महाद्वार, जसे कोल्हापूरला किंवा पंढरपूरला.

मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात 'गोपुर' हा शब्द पत्त्यासारखा वापरतात. चार दिशांची चार बाहेरची गोपुरे नवख्याला सारखीच दिसतात, आणि चपला-मोबाइल ज्या दरवाजाशी ठेवले तिथेच परत यावे लागते. तेव्हा दिशेचे नाव लक्षात ठेवा : किळक्कु पूर्व, मेर्कु पश्चिम, तेर्कु दक्षिण, वडक्कु उत्तर. उत्तरेच्या गोपुराला 'मोट्टै गोपुरम्', म्हणजे बोडके गोपुर, असेही म्हणतात.

शेवटचा 'म्' तमिळचा. मंडपम्‌चे आपण मंडप करतो, तसे मराठीत गोपुर : ते गोपुर, ती गोपुरे. 'मोट्टै गोपुरम्' सारख्या विशेषनामात तो ठेवायला हरकत नाही, पण 'गोपुरमे' हे अनेकवचन कृपया नको.