शागालच्या पानावर सही नाही, म्हणजे ते खोटं का?

प्रश्न: ताई, मी गिरगावात राहते. परवा फोर्टला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत चित्रकार मार्क शागालच्या बायबल-चित्रांमधलं एक रंगीत पान मिळालं, साधारण १४ बाय १० इंच, मागच्या बाजूलाही काळ्या रंगात चित्र आहे. विकणारा म्हणाला ओरिजिनल लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून किंवा प्लेटवरून छापलेलं चित्र. पण खाली सही नाही, प्रतीचा नंबर नाही, भाऊ म्हणतो पोस्टर आहे, फसलीस. खरं काय? आणि फ्रेम पावसाळ्याआधी करू का?

उत्तर: सही नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, हे आधी भावाला सांगा. शागालची ही बायबल-चित्रं पॅरिसच्या 'व्हर्व' मासिकात आली, एक अंक १९५६ चा आणि दुसरा १९६० चा, त्या दुसऱ्यात २४ रंगीत लिथोग्राफ होते, पॅरिसच्याच मुर्लो छापखान्यात छापलेले, आणि मासिकातल्या पानांवर सही-नंबर नसतोच. मागे काळं चित्र आहे हे लक्षण चांगलंय. उलट असंच पान कोणी पेन्सिलच्या सहीसकट चौपट किमतीला दाखवलं तर मी घेणार नाही, सही काय नंतरही ठोकता येते.

तरी खात्री भिंगानेच करा. झवेरी बाजारात सोनार वापरतात ते, १० पट मोठं दाखवणारं. जिथे एखादा रंग फिका होत जातो तिथे बघा. ऑफसेट, म्हणजे पोस्टरसारखी मशीनवरची साधी छपाई असेल तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके एकसारख्या अंतरावर, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतील. लिथोग्राफमध्ये ते नाही, खरखरीत भिंतीवर खडू ओढल्यासारखा रंग, कुठे तुटक कुठे दाट, कारण प्रत्येक रंगाचा दगड किंवा झिंकची प्लेट वेगळी, तेलकट खडूने काढलेला भाग शाई धरतो आणि ओला भाग धरत नाही. आपल्याकडचं जुनं शिळाछाप ते हेच, रविवर्म्यांचा छापखानाही १८९४ मध्ये तुमच्या गिरगावातच सुरू झाला होता! तेव्हा हे काही परकं प्रकरण नाही.

फ्रेमचं मात्र जपून. माझं चित्रकार मिरोचं एक पान फ्रेमवाल्याने न विचारता गोंद लावून बोर्डवर चिकटवलं, वर्षभरात कडा पिवळ्या पडल्या आणि आता ते सुटतच नाही, अजून बघितलं की जीव तुटतो. तुम्ही अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा मागा, पान फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने अडकवायचं, म्हणजे मागचं चित्र कधीही काढून बघता येईल. सेलोटेप अजिबात नाही. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची जाडी हवीच, नाहीतर आपल्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो. पावसाची झड बसते त्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तपकिरी डाग पडतात ते जात नाहीत.

काम जूनच्या आत उरका, आणि फ्रेमवाल्याच्या पावतीवर 'चिकटवायचं नाही' असं त्याच्याकडूनच लिहून घ्या.