व्हीआय उघडलं की मधेच ओळी येऊन पडतात

प्रश्न : ताई, इतवारीत आमचं होलसेलचं दुकान आहे, बिलिंगचा लिनक्स सर्व्हर मागच्या खोलीत कूलरच्या बाजूला ठेवलाय. आठ दिवसांपासून दुपारी सर्व्हरच्याच स्क्रीनवर बसून व्हीआयमध्ये (फाईल लिहायच्या प्रोग्राममध्ये) फाईल उघडली की मधेच ओळी येऊन पडतात, "कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड" असं काहीतरी, अन् लिहिलेलं सगळं विस्कटून जाते. 'मेस्ग एन' करून पाहिलं, काही फरक नाही. फाईल खराब होऊन राहिली का? अन् हे बंद कसं करू?

उत्तर : भाऊ, फाईलला काही झालं नाही, त्या ओळी फक्त स्क्रीनवर चढल्यात, कंट्रोल आणि एल दाबा, व्हीआय सगळं पुन्हा नीट मांडतं. मेस्गचा इथे उपयोग नाही कारण तो दुसऱ्या युजरने पाठवलेले मेसेज अडवतो, आणि हे तर खुद्द कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बोलून राहिलाय, तो कोणाला विचारत नाही. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये शिरून, काम केलं तर या ओळी दिसणारच नाहीत, त्या कन्सोलवरच, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवरच येतात.

आता बंद करायचं कसं. कर्नलच्या प्रत्येक मेसेजला 0 ते 7 असा नंबर असतो, 0 म्हणजे सगळ्यात गंभीर, 3 एरर, 4 वॉर्निंग, 7 डीबग. कन्सोलची मर्यादा जितकी ठेवाल त्याच्या खालचे नंबर तेवढे दिसतात. रूट (मुख्य ॲडमिन) होऊन 'डीमेस्ग डॅश एन 4' केलं की 0 ते 3 उरतात, म्हणजे डिस्कची आय-ओ एरर आली तर ती दिसेल, आणि ती दिसलीच पाहिजे. म्हणून 1 करू नका. रीबूटनंतरही टिकवायचं तर सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाईलमध्ये 'कर्नल डॉट प्रिंटके' समोर 4 4 1 7 लिहा, यातला पहिला आकडाच कन्सोलचा.

पण थांबा, हे आधी करू नका! नव्या कर्नलमध्ये तुमचा मेसेज 4 नंबरचा आहे, म्हणजे वरचं केलं की तो दिसेनासा होईल आणि सीपीयू तापतच राहील, गरम झाला म्हणून तो स्वतःचा वेग कमी करून राहिलाय, बिल निघायला उशीर लागत असेल तर तो त्यामुळेच असू शकतो. 'जर्नलकंट्रोल डॅश के' करून, म्हणजे कर्नलच्या मेसेजची नोंद उघडून, या ओळींची वेळ बघा, आणि शेवटी टोटल इव्हेंट्सचा आकडा असतो तो सकाळी आणि दुपारी चारला लिहून ठेवा. दुपारीच वाढत असेल तर कारण आपल्या नागपूरचा मे महिना, 45 डिग्रीत बंद खोलीतली हवाच तापलेली, सीपीयू थंड होणार कशाने? कूलरच्या अगदी बाजूला ठेवणंही बरं नाही, ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यात बसते. मी एकदा असाच एक डबा उघडला तर पंखा आणि हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) मधे धुळीचा पार नमदा झालेला, बोटाने पकडून सलग निघाला, आणि मशीनचा मालक महिनाभर मेसेज बंद करायच्या मागे होता.

तर रविवारी मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती गरगर फिरून बेअरिंग जाते. मशीन जुनी असेल तर सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलून घ्या, ती सुकून खडूसारखी होते. सोमवारी सकाळी आणि दुपारी तो आकडा परत बघा, वाढला नसेल तर मग खुशाल 4 करा.