दवाखाना सरकारी, गर्दी मात्र प्रायव्हेटात

प्रश्न: आमच्या गावापासून पीएचसी (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र) 7 किलोमीटर, औषध फुकट, तरी आमची माय ताप आला की गावातल्या प्रायव्हेट डॉक्टरकडेच जाते आन 200 रुपये देऊन सुई टोचून येते. लोकाईले फुकटचं नको झालं का?
- एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केस पेपर, तपासण्या, औषधं 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत हे खरं, पण 7 किलोमीटर जायचं कसं? ऑटोवाला सीटा भरल्याशिवाय हलत नाही, निंदणाच्या दिवसात मजुरी बुडते ती वेगळीच, आणि एवढं करून पोहोचलं अन् डॉक्टर मीटिंगला गेलेले, की माणूस वर्षभर तिकडे फिरकत नाही. गावातला डॉक्टर रात्री 10 लाही दार उघडतो, वर उधारी, कापूस विकला की द्या. सुईचं तर विचारूच नका, टोचल्याशिवाय गुण आल्यासारखं वाटत नाही आपल्या लोकांना (माझी आजी गोळ्या उशीखाली जमा करायची).

नियमाने सपाट भागात 30,000 अन् आदिवासी-डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक पीएचसी. पण मेळघाटात नाला भरला की हा हिशोब काय कामाचा?

गंमत म्हणजे लसीकरणाला, बाळंतपणाला हेच लोक सरकारीत जातात, कारण तिथं आशाताई घरी येऊन सोबत नेते, 102 ची गाडी येते. तुमच्या मायलेही आधी आशाताईंशीच बोलू द्या, तुमचं ती ऐकणार नाही.