‘मेहनत दिसते’ हे वाक्य तिला का लागले?

“मॅडम, हिच्यात उपजत काही आहे की नाही, एवढे एकदा सांगा. नसेल तर आम्ही गाणे बंद करून अभ्यासाचे बघू.” सांगली जिल्ह्यातील एका गावाहून आलेल्या आईने बसता बसताच हे विचारले, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या सातवीतल्या मुलीने मान खाली घातली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धेच्या निवड चाचणीतून परत आलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न बहुधा हाच असतो.

ही मुलगी सातव्या वर्षापासून गावातल्या बाईंकडे शास्त्रीय गायन शिकत होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि शाळेपूर्वी रोज पाऊण तास रियाज करत होती. चाचणीच्या दिवशी घरचे सगळे पहाटेपासून रांगेत उभे राहिले, दुपारी तिला जेमतेम मिनिटभर गायला मिळाले, आणि ऐकणाऱ्या गृहस्थांनी “छान, मेहनत दिसते” असे म्हणून पुढच्या मुलाला बोलावले. त्या संध्याकाळनंतर तिने पेटी उघडली नाही. मैत्रिणींना तिने सांगितले की, मी काही सराव केलाच नव्हता, सहज गेले होते.

आईला या खोट्याचे आश्चर्य वाटत होते, आणि मला मात्र प्रकरणाची किल्ली तिथेच आहे असे वाटले. मुलीशी एकटीशी बोलताना मी तिला विचारले की, मेहनत दिसते हे तर कौतुक झाले, मग ते इतके का लागावे? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ज्यांना खरंच येतं, त्यांची मेहनत दिसत नाही. आमच्या घरी दादा हुशार आहे आणि मी मेहनती आहे.”

‘हुशार नाही, पण मेहनती आहे’ हे वाक्य आपण शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत किती सहज वापरतो! त्यातल्या ‘पण’मुळे मेहनत ही सांत्वनाची वस्तू होते. मूल ते बरोबर ऐकते आणि त्यातून आपला निष्कर्ष काढते: कष्ट करावे लागणे हाच देणगी नसल्याचा पुरावा आहे, म्हणून कष्ट लपवावेत, आणि लपवता येत नसतील तर थांबवावेत. ही मुलगी आळशी झाली नव्हती की हट्टीही नव्हती. तिने फक्त घरातले आणि पडद्यावरचे तर्कशास्त्र शेवटापर्यंत नेले होते.

पडद्यावरच्या तर्कशास्त्राबद्दल मी वडिलांबरोबर सविस्तर बोलले, कारण ‘लिटिल चॅम्प्स’ या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचे 2008-09चे पर्व त्यांनी मोठ्या प्रेमाने पाहिले होते आणि तशी मुले जन्मालाच यावी लागतात, असे त्यांचे ठाम मत होते. त्या पर्वातील पाच मुलांनी महाराष्ट्राला खरोखर वेड लावले होते. परंतु विजेती ठरलेली कार्तिकी गायकवाड ही संगीत शिकवणाऱ्या वडिलांची मुलगी होती आणि आर्या आंबेकरची आई शास्त्रीय गायिका आहे. त्या मुलांचे गळे गोड होते यात शंका नाही, पण त्या घरांत सूर कानावर पडत होता, चूक तिथल्या तिथे दुरुस्त होत होती, आणि हे वर्षानुवर्षे चालले होते. स्पर्धेच्या भागाला मात्र तीन-चार मिनिटांचे गाणे, परीक्षकांचे ओलावलेले डोळे आणि ‘दैवी देणगी’ हा शब्द एवढेच दाखवता येते, कारण त्याच पलट्याची, म्हणजे स्वरांच्या सरावाची, दोनशेवी आवृत्ती पाहायला कोणी थांबत नाही. ब्रिटनमध्ये 2007 साली पॉल पॉट्स हा मोबाइल विकणारा माणूस ऑपेरा गाऊन अशीच स्पर्धा जिंकला, तेव्हा जगाने चमत्कार पाहिल्यासारखे केले. त्याने त्याआधी इटलीत जाऊन गाण्याचे शिक्षण घेतले होते आणि हौशी संस्थांच्या ऑपेरांत भूमिकाही केल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात दुकानच राहिले.

हा भ्रम केवळ सामान्य प्रेक्षकांचा आहे असेही नाही. अमेरिकेत चिया-जुंग साय आणि महजरीन बानाजी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगीतातल्या जाणकारांना एकाच पियानोवादकाच्या वादनाचे दोन तुकडे ऐकवले, मात्र ते दोन वेगळे कलाकार आहेत असे सांगून एकाला उपजत गुणाचा आणि दुसऱ्याला कष्टाने घडलेला म्हटले. प्रतिभेपेक्षा कष्ट महत्त्वाचे असे म्हणणाऱ्या त्या जाणकारांनीही उपजत म्हटलेल्या वादकालाच वरचढ ठरवले. वडील हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलीच्या खोट्याबद्दल मी आईला दुसऱ्या एका अभ्यासाचा आधार दिला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींची हुशारीबद्दल आणि काहींची कष्टाबद्दल स्तुती केली, आणि मग मुद्दाम अवघड कोडी पुढे ठेवली. हुशार म्हटलेली मुले लवकर नाउमेद झाली, आणि न पाहिलेल्या मुलाला आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. एका ओळीच्या स्तुतीने आयुष्य घडते किंवा बिघडते, असा अर्थ यातून काढू नये. पण ‘मी आहे तशीच उत्तम असले पाहिजे’ या ओझ्याखाली मूल खोटे बोलू शकते, एवढे आईला पटले, आणि त्या दिवसापासून तिने मुलीला त्यावरून रागावणे सोडले.

पालकांच्या मूळ प्रश्नाला मी सरळ उत्तर दिले. गळ्यागळ्यांत फरक असतो, तो मी नाकारत नाही. पण बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याचे भविष्य मला ठाऊक नाही, आणि मिनिटभर ऐकणाऱ्या परक्या माणसालाही ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या वयात आवाज अजून बदलायचा असतो. पुढच्या भेटीत वडील उलट्या टोकाला गेले आणि मेहनतीचेच महत्त्व असेल तर रोज तीन तास बसवतो म्हणाले, तेव्हा मला त्यांना तितक्याच ठामपणे थांबवावे लागले. थकलेल्या गळ्यावर वाढवलेले तास ही शिक्षाच असते, आणि किती वेळ गायचे हे गाण्याच्या बाईंनी ठरवायचे असते.

घरात आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. ‘हुशार’ आणि ‘मेहनती’ ही भावंडांची लेबले बंद झाली, ज्याचा दादालाही फायदा झाला, कारण अवघड गणित आले की तोही वही मिटून ठेवत असे. दुसरे म्हणजे, मुलीने बाईंच्या सांगण्यावरून एकाच बंदिशीचे ध्वनिमुद्रण दर पंधरा दिवसांनी करायचे आणि कोणती जागा बसली, कोणती नाही, ते वहीत लिहायचे. पहिले मुद्रण करायला तिला तीन आठवडे लागले. एकदा सुरू झाल्यावर मात्र वही तिची झाली.

चौथ्या भेटीला ती वही घेऊन आली आणि भूप रागातली एक तान दाखवत म्हणाली, “ही बावीस दिवसांनी बसली. मी वर्गात पण सांगितलं.” आईने विचारले की, पुढच्या वर्षी पुन्हा चाचणीला पाठवावे का? मी म्हटले, निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी उघडेल असे तिला स्वतःला वाटत असेल, तर जरूर जा. मुलीने लगेच हो म्हटले नाही, विचार करून सांगते म्हणाली. ते उत्तर अजून आलेले नाही, आणि घरातही त्यासाठी कोणी घाई करत नाही.